राळेत दडलेला गुण

सर्पगंधेची मुळी भ्रमिष्टाला शांत करते, उन्निद्र माणसाला झोप आणते, हे बिहार-बंगालमधील वैदूंना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. हा गुण मुळीतील नेमका कोणत्या अंशाचा, याचा प्रयोगशाळेत प्राण्यांवर चिकाटीने शोध घेतला तो कर्नल सर रामनाथ चोप्रा यांनी. भारतीय औषधक्रियाशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो, तो यथार्थच आहे.

१७ ऑगस्ट १८८२ रोजी गुजरांवाला येथे त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये वॉल्टर डिक्सन या नामवंत औषधशास्त्रज्ञाच्या हाताखाली ते तयार झाले आणि १९०८ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. १९२१ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकपदावर त्यांची नेमणूक झाली. रसायनशाळा, प्राण्यांवरील प्रयोगांची सोय आणि जोडीला रुग्णालय, हे सारे त्यांना तेथे एकत्र लाभले. वनस्पतीचा अर्क काढायचा, त्याचे अंश वेगळे करायचे, प्रत्येक अंश प्राण्यांवर पारखायचा आणि मगच रुग्णाकडे वळायचे, ही त्यांची शिस्त होती. आयुर्वेदातील औषधांविषयी त्यांना आस्था होती, पण केवळ परंपरेने सांगितले म्हणून ते काही मान्य करीत नसत.

सर्पगंधेच्या बाबतीत या शिस्तीचा कस लागला. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर ही मुळी उपयोगी असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी मुळीतून अजमलीनसह पाच अल्कलॉइडे वेगळी केली. शुद्ध, स्फटिकरूप द्रव्ये हाती आल्यावर कोडे सुटले, असेच कोणालाही वाटले असते. चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ पासून या द्रव्यांची परीक्षा आरंभली. १९४३ पर्यंतच्या प्रयोगांतून निघालेला निष्कर्ष मात्र अनपेक्षित होता. मद्यार्कात काढलेला अर्क दिला की प्राणी शांत आणि झोपाळू होत. त्या अर्कातील राळेसारखा अंश दिला तरी तेच घडे. शुद्ध अल्कलॉइडांनी मात्र ती गुंगी येत नसे. म्हणजे रसायनशास्त्रज्ञाला नकोशा वाटणाऱ्या चिकट राळेतच तो गुण दडलेला होता!

मुक्या जनावराला चिंता उरली की नाही, हे विचारता येत नाही. त्याची हालचाल, झोप आणि चिथावल्यावरची प्रतिक्रिया यांवरूनच अनुमान काढावे लागते. चोप्रांच्या प्रयोगांतही शामक आणि निद्राकारक परिणाम यांची सीमारेषा पुसटच राहिली. ती पुढे स्पष्ट झाली. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये त्याच राळेतून रिसर्पीन वेगळे केले. रिसर्पीन दिलेली आक्रमक माकडे माणसाळल्यासारखी वागत, तरीही त्यांना सहज जागे करता येई. झोपेच्या जुन्या औषधांत हे शक्य नव्हते. दरम्यान, १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले होते, तर १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्कमधील मनोरुग्णांवरील परिणाम प्रसिद्ध केले. रिसर्पीनमुळे काही रुग्णांना नैराश्य येते, अशा तक्रारी पुढे आल्या आणि मानसोपचारातील त्याची जागा नव्या औषधांनी घेतली. रेणू हाती लागल्याचे श्रेय बाझेलला गेले, हे खरे. पण तो कोठे शोधावा, याची खूण कोलकात्यात आधीच पटली होती.

चोप्रांचे कार्य एवढ्यावर संपत नाही. भेसळयुक्त औषधांच्या चौकशीसाठी १९३० मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९४० चा औषध कायदा त्याच शिफारशींतून आला. १९४१ मध्ये कोलकाता सोडल्यावर त्यांनी जम्मू-काश्मीरमध्ये औषध संशोधनाचा पाया घातला. भारतीय औषधी वनस्पतींचा त्यांचा कोश १९५६ मध्ये निघाला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. १३ जून १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.