आचार्य जगदीशचंद्र बोस आणि विजेच्या लहान लहरी



वनस्पतींच्या संवेदनांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ म्हणून जगदीशचंद्र बोस आपणांस परिचित आहेत. परंतु त्याआधी त्यांनी विजेच्या अदृश्य लहरींवर केलेले कार्यही तितकेच थोर आहे.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. अशा घरची मुले त्या काळी इंग्रजी शाळेत जात. वडिलांनी मात्र त्यांना प्रथम बंगाली शाळेत घातले. वर्गात त्यांच्या एका बाजूस वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे व दुसऱ्या बाजूस कोळ्याचा.

पुढे कलकत्ता व केंब्रिज येथे शिकून १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथे हिंदी प्राध्यापकास युरोपियनापेक्षा कमी वेतन मिळे. हा अन्याय त्यांना मान्य नव्हता. तीन वर्षे त्यांनी वेतन घेतले नाही, पण शिकवणे सोडले नाही. अखेर सरकारने त्यांना पूर्ण वेतन मागील बाकीसह दिले.

१८९४ च्या सुमारास त्यांनी संशोधन सुरू केले. सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, एका साध्या पत्रेकारागिराच्या मदतीने त्यांनी उपकरणे घडविली. इतर शास्त्रज्ञांच्या लहरी बऱ्याच लांब असत; बोस यांनी अवघ्या ५ मिलिमीटरच्या आसपासच्या लहरी निर्माण केल्या. लहर लहान झाली म्हणून उपकरणही टेबलावर मावेल एवढे झाले. त्यांनी ह्या लहरी गंधकासारख्या पदार्थांतून पाठवून त्या किती वळतात ते मोजले. साखरेचे द्रावण प्रकाशाची कंपनदिशा फिरवते, हे ठाऊक होते. १८९८ मध्ये त्यांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांनी विजेच्या लहरींची दिशा तशीच फिरवून दाखविली.

आज ह्या लहरींना सूक्ष्मलहरी किंवा मायक्रोवेव्ह म्हणतात. बोटाच्या पेराएवढ्या तांब्याच्या कड्याला ठरावीक कंपनसंख्येची लहर मानवते. कड्यालगत द्रव ठेवला की ती कंपनसंख्या घटते; पाण्याने पुष्कळ, तेलाने थोडी. ह्या फरकावरून द्रवात काय व किती मिसळले आहे ते ओळखणारी चिमुकली उपकरणे संशोधक बनवीत आहेत. दुधातील पाणी ओळखण्यास त्यांचा उपयोग होऊ शकतो.

१९१७ साली बोस यांनी कलकत्त्यात संशोधनमंदिर स्थापिले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी ते निवर्तले.

पालकहो, आपला भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला आहे. धातूला आकार देणारे हात आपल्या घराघरांत आहेत. मातृभाषेच्या शाळेत शिकणारे आपले मूल मागे पडेल, अशी धास्ती बाळगू नका. मात्र घरच्या अडचणीपायी त्याची शाळा मध्येच सोडवू नका. आणि विद्यार्थ्यांनो, साधने नाहीत म्हणून थांबू नका. बोस यांच्या शेजारी बसलेली ती दोन मुले पुढे कोठे गेली, हे इतिहासाने नोंदविले नाही. आपल्या वर्गातील एकाही मुलाविषयी असे म्हणण्याची वेळ येऊ नये.