समजून घ्या : पंडिता रमाबाईंना दोन्ही बाजूंनी विरोध का झाला? पुण्यातले काम केडगावला कसे गेले?

पुणे-दौंड रेल्वेमार्गावरील केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आजही सुरू आहे. पुणे शहरात सुरू असलेले त्यांचे काम तिथे का गेले? यामागे १८९३ मधला एक वाद आणि त्यानंतरचा दुष्काळ आहे.

कोण होत्या रमाबाई?

जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. दुष्काळात आई-वडील गेले. १८७८ मध्ये कोलकात्यातील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. दोन वर्षांतच पतीचे निधन झाले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या आणि १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन केला.

धर्मांतरानंतर काय झाले?

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात टीकेची झोड उठली. जोतीराव फुले यांनी मात्र त्यांची बाजू घेतली.

चर्चशीही त्यांचे खटके उडाले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे चर्चमधील वरिष्ठांचे म्हणणे होते. ते त्यांना पटले नाही. धर्मतत्त्वे तपासल्याशिवाय मान्य करायलाही त्या तयार नव्हत्या.

१८९३ चा वाद काय होता?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. इथे धर्मशिक्षणाची सक्ती नसेल, असे आश्वासन होते. पण रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली स्वेच्छेने बसू लागल्या. मुलींना ख्रिस्ती केले जात असल्याची टीका ‘केसरी’तून झाली. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

आश्वासनावर विसंबून मुली पाठवणाऱ्या पालकांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. दुसरीकडे, स्वतःची श्रद्धा लपवणे रमाबाईंना मान्य नव्हते. मुलींना मनाप्रमाणे वागण्याचे स्वातंत्र्य असावे, ही त्यांची भूमिका होती.

केडगाव कसे उभे राहिले?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. त्याच काळात पुण्यात प्लेग होता. या सगळ्यांसाठी केडगावची जमीन उपयोगी पडली. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास २ हजार जणी होत्या. शेती, विणकाम, छपाई अशी कामे त्या शिकल्या. मुक्ती मिशन मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१ मध्ये मनोरमाचे निधन झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे.

यातून काय घ्यावे?

- ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी विचार करणे सोडले नाही. श्रद्धा आणि प्रश्न त्यांच्या आयुष्यात सोबत राहिले.
- माणसे सोडून गेली, तरी काम थांबले नाही. पुण्यातून मुली परत गेल्या. काही वर्षांतच केडगावात त्याहून कितीतरी अधिक जणींना आसरा मिळाला.
- सेवा आणि धर्मप्रसार एकत्र आले की विश्वासाचा प्रश्न उभा राहतोच. कोणत्याही धर्माच्या संस्थेने सुरुवातीलाच आपली भूमिका स्पष्ट सांगावी, हा १८९३ चा धडा आजही लागू आहे.