दव मोजायचे तर पिकात उतरा : डॉ. एल. ए. रामदास यांचे कार्य

हरभऱ्यावर रात्री स्वच्छ फडके पसरून पहाटे ते पिळायचे आणि आंब गोळा करायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत. पण पिकावर नेमके किती दव पडले, ते पानावर किती तास राहिले, हे फडक्यावरून कळत नाही. त्यासाठी पिकातील हवा समजून घ्यावी लागते. भारतात हे काम पुण्यात सुरू करणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. एल. ए. रामदास.

त्यांचा जन्म ३ जून १९०० रोजी केरळमधील पालघाट येथे झाला. कोलकात्यात सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी प्रकाशाच्या विकिरणावर संशोधन केले. १९२६ मध्ये ते भारतीय हवामान खात्यात दाखल झाले. १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली.

वेधशाळेतील तापमापक लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो. पीक मात्र त्याच्या खालच्या हवेत वाढते. म्हणून रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या शेतावर उघड्या जागी आणि उभ्या पिकात, वेगवेगळ्या उंचीवर तापमान व आर्द्रता मोजली. पिकातील हवामान बाहेरच्यापेक्षा वेगळे असते, हे आकड्यांनी दिसले.

याच काळात एक अनपेक्षित गोष्ट आढळली. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला लागून नव्हे, तर वीत ते हातभर उंचीवर सापडली. हे निरीक्षण १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. जमीनच आधी थंड होते, मग वरची हवा अधिक थंड कशी, म्हणून अनेकांनी त्यावर शंका घेतली. पुढे इतरांच्या मोजणीतही तेच दिसले. आज हा थर ‘रामदास थर’ म्हणून ओळखला जातो.

पुण्याची काळी जमीन कोरड्या हंगामात रात्री हवेतील ओलावा शोषते आणि दिवसा तो परत सोडते, हेही त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवले. म्हणजे रात्रीची कमाई उन्हात बरीचशी जाते. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९६० मध्ये पिके आणि हवामानावरील त्यांचा ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला. १ जानेवारी १९७९ रोजी त्यांचे निधन झाले.

शेतकऱ्यांसाठी याचा अर्थ

पानाचे तापमान दवबिंदूखाली गेले की दव जमते. आकाशाकडे उघडी असलेली वरची पाने आधी थंड होतात. दाट पिकात मात्र जमिनीतून उठणारी वाफही पानांवर जमते आणि आतला ओलावा सकाळी उशिरा सुकतो.

हवामान खाते दव मोजण्यासाठी रंगवलेला लाकडी ठोकळा वापरते. ही पद्धत इस्रायलच्या दुव्देवानी यांची. सूर्यास्ताला ठोकळा ठेवून, ऊन पडण्याआधी त्यावरील थेंबांची तुलना प्रमाण छायाचित्रांशी करतात.

०.१ मि.मी. दव म्हणजे एकरी सुमारे ४०० लिटर पाणी. आकडा मोठा वाटतो, पण वाढीच्या भरातील रब्बी पिकाला रोज काही मिलिमीटर पाणी लागते. त्यामुळे दवाच्या भरवशावर पाण्याची पाळी चुकवू नये. द्राक्षावरील केवड्यासारख्या रोगांना मात्र काही तासांचा ओलावाही पुरतो.

जुहूजवळच्या सांताक्रूझ वेधशाळेचा आर्द्रतेचा आकडा असो वा तुमच्या तालुक्याचा, तो पेटीतील हवेचा असतो. पानावरचे दव किती वाजता सुकले, याची रोज सकाळी प्लॉटमध्ये जाऊन नोंद करा. फवारणीचा निर्णय घेताना ती नोंद आणि हवामानाचा अंदाज दोन्ही समोर ठेवा.