अभियंता ते दिवाण : मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

प्रस्तावना

एखादे काम स्वतः उत्तम करणे ही एक कला आहे. तेच काम शेकडो माणसांकडून करवून घेणे ही दुसरी कला आहे. पहिली ज्याला साधते त्याला दुसरी साधतेच असे नाही. कुशल कारागीर मुकादम होतो, परिचारिका विभागप्रमुख होते, शिक्षक मुख्याध्यापक होतो, तेव्हा प्रत्येकाला या वळणाचा अनुभव येतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या आयुष्यात हे वळण पन्नाशी ओलांडल्यावर आले. धरणे आणि कालवे बांधणारा हा अभियंता एका संपूर्ण संस्थानाचा कारभारी झाला. या पाठात त्यांच्या जीवनाचा हा प्रवास आपण वाचणार आहोत.

१. मुद्देनहळ्ळीचा विद्यार्थी

बंगळूर शहरातून उत्तरेकडे निघाले की सुमारे १५ किलोमीटरवर येलहंका लागते. आज ते शहराचेच उपनगर झाले आहे. पण त्याचा इतिहास बंगळूरपेक्षाही जुना आहे. बंगळूर वसविणारे केंपेगौडा हे येलहंकाच्याच नाडप्रभू घराण्यातील. येथून देवनहळ्ळीवरून पुढे जाणारी वाट चिक्कबळ्ळापूरला पोहोचते. त्या परिसरात, नंदी डोंगराच्या पायथ्याशी मुद्देनहळ्ळी नावाचे लहानसे खेडे आहे. १५ सप्टेंबर १८६१ रोजी विश्वेश्वरय्यांचा जन्म या खेड्यात झाला.

वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे जाणकार होते. परंतु घरची परिस्थिती बेताची होती. विश्वेश्वरय्या शाळेत असतानाच वडिलांचे निधन झाले. चिक्कबळ्ळापूरचे शिक्षण आटोपून ते बंगळूरला मामांच्या आश्रयाने राहिले. मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी सेंट्रल कॉलेजातील शिक्षणाचा खर्च भागविला आणि पदवी मिळविली. पुढे म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती मिळाल्याने ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकण्यासाठी आले. १८८३ साली ते अंतिम परीक्षेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. दुसऱ्याच वर्षी मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली.

२. पाण्याचा अभ्यासक

नोकरीची सुरुवात नाशिकला झाली आणि लवकरच ते खानदेशात आले. धुळ्याजवळ पांझरा नदीच्या पात्राखालून नळ टाकून पाणी पलीकडे न्यावयाचे होते. पावसाळा तोंडावर आला होता. काम पुढे ढकलावे अशी विनंती या तरुण अभियंत्याने केली. परंतु वरिष्ठांना ती रुचली नाही. विश्वेश्वरय्यांनी मग वाद घातला नाही. पुराच्या अडचणी सोसून त्यांनी ते काम तडीस नेले.

पुढे सिंधमधील सक्कर शहराला शुद्ध पाणी पुरविण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. सिंधूचे पाणी अतिशय गढूळ होते आणि मोठी गाळणी बांधण्याइतका पैसा नगरपालिकेजवळ नव्हता. तेव्हा त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदविली. वाळूतून झिरपून येणारे पाणी आपोआप गाळले जाऊ लागले आणि तेच शहराला पुरविण्यात आले.

पुण्याला बदली झाल्यावर त्यांचे लक्ष खडकवासल्याच्या जलाशयाकडे गेले. पुराचे जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई भासे. धरणाची भिंत उंच करणे खर्चाचे होते. त्यांनी स्वयंचलित दरवाजांची रचना केली. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढले की दरवाजे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की आपोआप मिटत. १९०३ च्या सुमारास हे दरवाजे बसविले गेले आणि भिंत न वाढविता जलाशयात अधिक पाणी साठू लागले. या शोधाचे स्वामित्वहक्क त्यांनी नोंदविले. मात्र सरकारी सेवेत असताना लागलेला शोध म्हणून सरकारकडून मानधन घेण्याचे नाकारले.

३. माणसांशी पहिली गाठ

दगड, चुना आणि पाणी यांचे गणित एकदा जमले की ते सहसा बिघडत नाही. माणसांचे गणित तसे नसते, हा धडा विश्वेश्वरय्यांना नीरा कालव्यावर मिळाला. कालव्याच्या वरच्या भागातील बागाईतदार उसासाठी भरमसाट पाणी घेत. जमिनी पाणथळ होत आणि खालच्या गावांना पाणी पुरत नसे. पाणी पाळीपाळीने व मोजून देण्याची पद्धत विश्वेश्वरय्यांनी सुरू करताच शेतकऱ्यांत असंतोष पसरला. वृत्तपत्रांतूनही टीका झाली.

योजना तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असली तरी ज्यांच्यासाठी ती आखली त्यांना ती पटलेली नव्हती. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांच्या भेटी घेतल्या आणि त्यांच्या शंका ऐकल्या. त्यानंतर फडपद्धतीसारखी गटवार सिंचनाची नवी पद्धत त्यांनी मांडली. प्रत्येक गावासाठी जमिनीचे गट ठरवून द्यायचे आणि त्यात ऊस, भात व कमी पाण्याची पिके आलटून पालटून घ्यायची, असे तिचे स्वरूप होते. पाण्याचा लाभ मोजक्या गावांपुरता न राहता अनेक गावांना मिळू लागला. पुण्याच्या याच वास्तव्यात न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि देशाच्या आर्थिक प्रश्नांचा विचार त्यांच्या मनात रुजला. १८९८ साली त्यांनी जपानचा प्रवास केला. शिक्षण आणि उद्योग यांच्या बळावर एक देश किती झपाट्याने पुढे जाऊ शकतो हे तेथे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

मुंबई सरकारच्या सेवेत ते अधीक्षक अभियंत्याच्या पदापर्यंत चढले. मुख्य अभियंत्याचे पद मात्र त्या काळी भारतीय माणसाला मिळणे दुरापास्त होते. १९०८ साली त्यांनी स्वेच्छेने सेवानिवृत्ती घेतली. त्याच वर्षी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहराची मोठी हानी झाली. निजाम सरकारच्या बोलावण्यावरून ते तेथे गेले आणि शहराच्या पूरनियंत्रणाची योजना त्यांनी तयार केली.

४. मुख्य अभियंता

१९०९ साली म्हैसूर संस्थानाने त्यांना मुख्य अभियंत्याचे पद देऊ केले. नुसत्या पदासाठी जाण्याची त्यांची इच्छा नव्हती. तांत्रिक शिक्षण आणि उद्योग यांना संस्थान उत्तेजन देणार असेल तरच येण्यात अर्थ आहे, असे त्यांनी कळविले. अनुकूल उत्तर आल्यावर ते रुजू झाले.

म्हैसूरजवळ कन्नंबाडी येथे कावेरीवर मोठे धरण बांधण्याची योजना त्यांनी मांडली. धरणाच्या पाण्यावर शिवसमुद्र येथील वीजकेंद्र बारमाही चालावे, कोलारच्या सोन्याच्या खाणींना अधिक वीज मिळावी आणि मंड्याकडील कोरडवाहू जमीन भिजावी, असा तिचा त्रिविध हेतू होता. एवढा खर्च संस्थानाला झेपेल काय, अशी शंका वित्त खात्याने घेतली. महाराज नालवडी कृष्णराज वडियार यांनी सर्व बाजू ऐकून १९११ साली मंजुरी दिली. सिमेंटऐवजी चुना आणि विटांची भुकटी यांचा सुर्खी गिलावा वापरून धरण उभे राहू लागले. जुने कन्नंबाडी गाव पाण्याखाली जाणार असल्याने तेथील रहिवाशांना दुसरीकडे वसावे लागले. मद्रास सरकारने घेतलेल्या हरकतीमुळे पाण्याच्या वाटपाचा वाद अनेक वर्षे चालला. १९२४ च्या करारानंतर त्यावर तोडगा निघाला. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी हे धरण पूर्ण झाले. कृष्णराजसागर या नावाने ते आज ओळखले जाते.

५. दिवाणपदाची जबाबदारी

नोव्हेंबर १९१२ मध्ये महाराजांनी विश्वेश्वरय्यांची दिवाणपदी नेमणूक केली. संस्थानात महाराजांच्या खालोखाल हे पद होते. आजवर हे पद बहुधा महसूल व न्याय खात्यांत मुरलेल्या मंडळींकडे जाई. एका अभियंत्याच्या हाती ते येणे ही नवी गोष्ट होती.

पद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आप्तेष्टांना घरी बोलावले. नोकरी, बढती किंवा अन्य कोणत्याही सवलतीसाठी कोणी आपल्याकडे शब्द टाकावयाचा नाही, हे त्यांनी सर्वांकडून मान्य करून घेतले आणि मगच दिवाणपदाचा होकार दिला, असे सांगितले जाते.

अभियंता असताना ते स्वतः मोजमाप करीत आणि स्वतः आराखडे तपासत. आता शेती, शिक्षण, आरोग्य, न्याय, महसूल अशी कितीतरी खाती त्यांच्यासमोर होती. यांतील प्रत्येक विषयात ते तज्ज्ञ असणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी जाणकारांना एकत्र आणण्याचा मार्ग धरला. मुख्य अभियंता असतानाच, १९११ साली, त्यांच्या पुढाकाराने म्हैसूर आर्थिक परिषद स्थापन झाली होती. शेती, शिक्षण आणि उद्योग व व्यापार यांसाठी तिच्या स्वतंत्र समित्या होत्या. सरकारी अधिकारी, शेतकरी आणि व्यापारी तेथे एकत्र बसत. दिवाण झाल्यावर त्यांनी या परिषदेलाच कारभाराचा कणा बनविले. काम ठरवावे, ते कोणी करावयाचे हे निश्चित करावे, मुदत घालून द्यावी आणि मुदत संपताच हिशेब घ्यावा, अशी त्यांची रीत होती. वेळेच्या बाबतीत ते स्वतः अत्यंत काटेकोर असल्याने इतरांकडून तशी अपेक्षा करण्याचा अधिकार त्यांना आपोआपच प्राप्त झाला होता.

या रीतीने सहा वर्षांत संस्थानचे रूप पालटले. १९१३ साली म्हैसूर बँक स्थापन झाली. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा कायदा झाला आणि निवडक भागांपासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ आणि १९१७ साली बंगळूरला अभियांत्रिकी विद्यालय निघाले. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची निर्यात थांबली, तेव्हा संस्थानातच चंदनाचे तेल काढण्याचा कारखाना सुरू झाला आणि त्यातून पुढे म्हैसूरचा प्रसिद्ध चंदनी साबण निर्माण झाला. १९१५ साली बंगळूरहून येलहंका आणि देवनहळ्ळी या मार्गाने चिक्कबळ्ळापूरपर्यंत लहान रुळांची आगगाडी धावू लागली. दिवाणांच्या स्वतःच्या मुलखातील शेतमाल आता शहराच्या बाजारात सहज पोहोचू लागला.

६. मतभेद आणि निवृत्ती

कारभाऱ्याच्या वाट्याला असेही प्रश्न येतात, की ज्यांचे उत्तर कोणत्याही मोजपट्टीने निघत नाही. संस्थानच्या लोकसंख्येत ब्राह्मणांचे प्रमाण अल्प होते. परंतु सरकारी नोकऱ्यांत त्यांचाच मोठा भरणा होता. इतर समाजांनी नोकऱ्यांत योग्य वाटा मागितला. महाराजांनी या मागणीचा विचार करण्यासाठी १९१८ साली न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नोकऱ्या केवळ गुणवत्तेवर द्याव्यात आणि मागे राहिलेल्या समाजांना शिक्षणाच्या वाटेने पुढे आणावे, असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. शिक्षणाची फळे हाती येईपर्यंत वाट पाहण्यास मागणी करणारे तयार नव्हते आणि त्यांच्या म्हणण्यातही न्याय होता. समितीने राखीव जागांची शिफारस केली व संस्थानाने ती पुढे अमलात आणली. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनेही राखीव जागांचे तत्त्व स्वीकारले.

न पटलेले धोरण राबवीत अधिकारावर राहणे विश्वेश्वरय्यांना मान्य नव्हते. १९१८ च्या अखेरीस ते रजेवर गेले आणि दिवाणपदावरून निवृत्त झाले.

७. भद्रावतीची कसोटी

दिवाण असताना त्यांनी भद्रावती येथे लोखंडाच्या कारखान्याची योजना आखली होती. १९२३ साली तो सुरू झाला. परंतु तोपर्यंत लोखंडाचे भाव कोसळले होते. कारखाना तोट्यात गेला. योजना ज्यांची होती त्यांच्याकडेच संस्थानाने तिची जबाबदारी सोपविली. विश्वेश्वरय्या व्यवस्थापन मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांनी अनावश्यक खर्च कमी केला, स्थानिक माणसांना शिकवून तयार केले आणि वाया जाणाऱ्या वस्तूंपासून उत्पन्न मिळविण्याचे मार्ग शोधले. १९२९ पर्यंत त्यांनी हे काम पाहिले आणि कारखाना सावरला. या कामाबद्दल मिळालेली रक्कम त्यांनी तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेसाठी दिली. बंगळूरची जयचामराजेंद्र तंत्रशिक्षण संस्था त्यातून १९४३ साली उभी राहिली.

८. अखेरची वर्षे

१९३४ साली नियोजित अर्थव्यवस्थेवर त्यांनी ग्रंथ लिहिला. देशाच्या विकासाची ठरावीक मुदतीची योजना असावी, हा विचार त्यात मांडलेला आहे. १९५५ साली भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान दिला. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून साजरा केला जातो.

ज्या येलहंकावरून त्यांच्या काळात लहान रुळांची गाडी धावू लागली, तेथेच १९८४ साली भारतीय रेल्वेचा चाके व आस तयार करणारा कारखाना सुरू झाला. लागणाऱ्या वस्तू देशातच तयार व्हाव्यात, हा विश्वेश्वरय्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. त्यांच्या जन्मगावाच्या वाटेवर तो या रूपाने साकार झाला.

शब्दार्थ

बेताची – जेमतेम
तडीस नेणे – पूर्ण करणे
सांडवा – धरणातील जादा पाणी वाहून जाण्याचा मार्ग
पाणथळ – सतत पाणी साचून राहिलेली
दुरापास्त – मिळण्यास अतिशय कठीण
आप्तेष्ट – नातेवाईक व स्नेही
आस – दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा

स्वाध्याय

१. सक्करच्या पाणीपुरवठ्याची अडचण विश्वेश्वरय्यांनी कशी दूर केली?
२. नीरा कालव्यावरील अनुभवातून त्यांना कोणता धडा मिळाला?
३. दिवाण झाल्यावर त्यांच्या कामाच्या पद्धतीत कोणता बदल झाला, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. नोकऱ्यांतील राखीव जागांबाबतच्या दोन्ही बाजू पाठाच्या आधारे मांडा. तुम्हाला कोणती पटते व का?
५. तुमच्या परिचयातील एखाद्या कारागिराला किंवा कामगाराला इतरांवर देखरेख करण्याचे काम मिळाले असेल, तर त्याला कोणत्या नव्या गोष्टी शिकाव्या लागल्या, ते विचारून दहा ओळी लिहा.