बॉनहॅमचा ठेका

सत्तरच्या दशकात ‘येस’, ‘किंग क्रिमसन’सारखे प्रोग्रेसिव्ह रॉकचे वाद्यवृंद अवघड तालांच्या मागे लागले होते. ‘लेड झेपलिन’चा ड्रमवादक जॉन बॉनहॅम त्या पंथातला नव्हे. साध्या चार मात्रांना किती वजन देता येते, हे मात्र त्याच्याइतके कोणी दाखविले नाही.

३१ मे १९४८ रोजी इंग्लंडमधील रेडिच येथे जन्मलेला जॉन पाचव्या वर्षापासून घरातले डबे बडवू लागला. दहाव्या वर्षी आईने स्नेअर ड्रम दिला, पंधराव्या वर्षी वडिलांनी पूर्ण संच. रीतसर शिक्षण झालेच नाही. शाळा सुटल्यावर दिवसा वडिलांच्या हाताखाली सुतारकाम आणि रात्री वादन, असा क्रम होता. १९६८ मध्ये जिमी पेजने त्याला ऐकले आणि लेड झेपलिन साकारले.

१९७१च्या चौथ्या अल्बममधील ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जिन्याच्या पायथ्याशी ड्रम मांडले आणि मायक्रोफोन वरच्या मजल्यावर लावले. तो घुमारा पुढे अनेकांनी उसना घेतला. ‘काश्मीर’मध्ये (१९७५) गिटार तीनच्या हिशेबात चालते, ड्रम चारच्या, बाराव्या मात्रेनंतर दोघे पुन्हा एकत्र येतात. तबल्याची सम ओळखणाऱ्या कानाला ही गंमत चटकन उमगते.

तरीही खरा बॉनहॅम भेटतो तो मैफलीच्या ध्वनिमुद्रणांत. ‘मोबी डिक’ हे त्याचे एकल वादन १९६९च्या अल्बमवर जेमतेम साडेचार मिनिटांचे. जून १९७२ मधील कॅलिफोर्नियाच्या मैफलीत तेच एकोणीस मिनिटांवर जाते. काड्या टाकून तो नुसत्या हातांनी वाजवू लागतो, तेव्हा ड्रमचे कातडे बोलू लागते. एवढे दीर्घ वादन सर्वांनाच रुचेल असे नाही. पण लय कुठे सैलावते आणि तो ती कशी सावरतो, हे अन्यत्र ऐकायला मिळत नाही. हे मुद्रण प्रकाशित झाले २००३ मध्ये!

घरापासून दूर राहणे त्याला कधीच मानवले नाही. दौऱ्यांत मद्य वाढत गेले. २४ सप्टेंबर १९८० रोजी अमेरिका दौऱ्याच्या सरावाच्या दिवशी तो सकाळपासून पीत होता. दुसऱ्या दिवशी पेजच्या विंडसरनजीकच्या घरी तो मृतावस्थेत आढळला. वय अवघे ३२. त्याच्याविना वाजविणे शक्य नसल्याचे सांगत उरलेल्या तिघांनी ४ डिसेंबरला वाद्यवृंद थांबविला. १० डिसेंबर २००७ रोजी ते लंडनमध्ये पुन्हा एकत्र आले, तेव्हा ड्रमवर बसला होता वडिलांच्या मृत्यूच्या वेळी चौदा वर्षांचा असलेला जेसन.