सुभेदार रामजी सकपाळ : एक जागरूक पालक

परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आपल्या घराघरांत वाचले जाते. त्यातील आरंभीच्या पानांत येणारे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ मात्र बहुधा एका वाक्यात आटोपले जातात. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांच्याकडे पालक म्हणून पाहू इच्छितो. शाळा आपल्या मुलासाठी घडलेली नाही हे ठाऊक असूनही त्याला तेथे टिकवून धरणे म्हणजे काय, हे त्यांच्या आयुष्यावरून कळते.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी लष्करात होते. रामजीही लष्करात गेले. त्या काळी लष्करात शिपायांच्या मुलामुलींना शिक्षणाची सोय होती. रामजी लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि सुमारे चौदा वर्षे त्यांनी ते काम केले. कबीरपंथी वृत्ती, मराठी व इंग्रजीवर पकड आणि महात्मा फुल्यांविषयी आदर अशी त्यांची घडण होती. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमराव जन्मले. ते त्यांचे चौदावे अपत्य.

महारांच्या लष्करभरतीवर सरकारने बंदी घातली, तेव्हा रामजी हात बांधून बसले नाहीत. न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने त्यांनी सरकारकडे अर्ज केला. बंदी तत्काळ उठली नाही. परंतु अन्याय लेखी मांडावा, योग्य अधिकाऱ्यापर्यंत न्यावा आणि त्यासाठी जाणत्याची मदत घेण्यात कमीपणा मानू नये, ही रीत त्या घरात रुजली.

निवृत्तीनंतर दापोली आणि मग सातारा. साताऱ्यात भीमाबाई निवर्तल्या. मुलांचा सांभाळ आत्याने केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले. प्रवेश मिळाला, पण शाळा आपली झाली नाही. बसायला घरून गोणपाट न्यावे लागे व संध्याकाळी परत आणावे लागे. नळाला हात लावता येत नसे. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. मुलाला घरी बसवायला एवढे कारण कोणत्याही बापाला पुरले असते. रामजींनी मुलाला शाळेतून काढले नाही.

पुढे कुटुंब मुंबईस परळच्या डबक चाळीतील एका खोलीत आले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकू लागले. तेथे संस्कृतचे दार बंद होते. पर्शियन घ्यावी लागली. शाळेने जे दिले नाही ते रामजींनी घरी भरून काढले. भाषांतराचा सराव ते स्वतः करून घेत. दाटीच्या खोलीत मुलगा लवकर निजे. बाप जागा राही, रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवी आणि मग स्वतः आडवा होई. पुस्तकाला पैसे नसले की रामजी विवाहित मुलींकडे जाऊन त्यांचा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती येताच सोडवीत.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च रामजींना पेलेना, तेव्हा याच गुरुजींच्या प्रयत्नाने सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पालकाचे कष्ट आणि शिक्षकाचा शब्द एकत्र आले की वाट निघते, हे येथे दिसते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचा मुलगा कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

रामजींनी एका मुलासाठी जे केले, ते पुढे बाबासाहेबांनी अनेकांसाठी केले. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये वसतिगृह उघडले ते आपल्या सोलापुरातच. निवास, भोजन, कपडे आणि वह्या-पुस्तके यांची तेथे सोय होती. आपल्या निवासी शाळेची परंपरा तेथवर जाते.

आज शाळेच्या दारात वेगळे पालक उभे असतात. कुणाच्या मुलाला ऐकू येत नाही, कुणाची मुलगी स्वमग्न आहे, कुणाला अक्षरे जुळवता येत नाहीत. अशा मुलाला मागच्या बाकावर बसवून ठेवणे हेही आजचे गोणपाटच होय. रामजींच्या हाती कायदा नव्हता. आपल्या हाती आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासनमान्य वा अनुदानित शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, त्याच्या गरजेनुसार सोयी कराव्यात आणि अध्ययन अक्षमता लवकर ओळखावी, असे बंधन आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ व लेखनिक मिळू शकतो. शिक्षण हक्क कायद्याखालील शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

हे हक्क आपोआप चालत येत नाहीत. मुलाला काय जमते आणि कोठे अडते हे घरी टिपून ठेवावे, तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे, मागणी लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. अर्ज लिहिता येत नसेल तर आमच्यासारख्या शिक्षकांकडे निःसंकोच यावे. रामजीही रानड्यांकडे गेले होते. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतील अशा एका तरी पालकासोबत शाळेच्या दारापर्यंत चालत जावे, एवढीच आमची विनंती आहे.