डॉ. आनंदीबाई जोशी : एक अपुरा श्वास

मी कला शाखेची विद्यार्थिनी. रक्ताभिसरणाशी माझा संबंध शाळेच्या पुस्तकापुरता. हृदयाच्या उजव्या जवनिकेतून रक्त फुफ्फुसांत जाते, तेथे केसाहून बारीक वाहिन्यांत कार्बन डायऑक्साइड टाकून प्राणवायू घेते आणि डाव्या कर्णिकेत परतते, एवढे पाठ केले होते. आनंदीबाईंचे चरित्र वाचले आणि त्या आकृतीचा खरा अर्थ कळला.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी झाली. पती गोपाळराव टपाल खात्यात, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. तो पुष्कळदा जाचकही होई. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि वैद्यकीय मदतीअभावी दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय त्या दुःखातून झाला.

समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असे मानण्याचा तो काळ. तरीही १८८३ साली त्या पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. तिथे कार्पेंटरबाईंनी त्यांना मायेने आधार दिला. परक्या थंडीत, आपला आहार सांभाळत, त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली.

पण प्रकृती ढासळली होती. फुफ्फुसात ज्या पातळ पडद्याआड हवा आणि रक्त यांची भेट होते, नेमका तोच क्षय पोखरतो. मग हृदय कितीही धडधडले तरी रक्ताला पुरेसा प्राणवायू कोठून मिळणार? क्षयाचा जंतू कॉख यांनी १८८२ सालीच दाखवला होता. औषध मात्र नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाई गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. कोल्हापूरचे काम हाती घेणे झालेच नाही.

स्ट्रेप्टोमायसीन सापडले १९४३ साली. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पुढे तेथेही ते औषध बनू लागले. माझे आजोबा चिंचवडला कारखान्यात कामगार. त्यांना क्षय झाला, पण इंजेक्शने घेऊन ते बरे झाले आणि ऐंशी वर्षे जगले. मोठी विदुषी गेली आणि साधा कामगार वाचला, तो केवळ उशिरा जन्मल्यामुळे!

मैत्रिणींनो, क्षय आजही आपल्यातून गेलेला नाही. फरक इतकाच की आज औषध आहे, आणि सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर लपवू नका, आणि औषध सुरू झाले तर बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. आनंदीबाईंचे स्मरण करायचे, तर एवढे तरी आपण करूच शकतो.